गावात गॅस्ट्रोची साथ: स्वयंसेवकानं पहिल्या दिवसापासून काय करायचं

पहिला दमदार पाऊस झाला, ओढे गढूळ झाले की महाराष्ट्रात कुठे ना कुठे गॅस्ट्रोची साथ येतेच. एका आळीत चार-पाच घरांत जुलाब-उलट्या सुरू होतात, दुसऱ्या दिवशी आकडा वाढतो, तिसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात खाटा टाकाव्या लागतात. मग गावातली तरुण मंडळी, बचत गटातल्या बाया, सुट्टीवर आलेली कॉलेजची पोरं विचारू लागतात, आम्ही काय करू?

बऱ्याचदा या उत्साहाचं रूपांतर बिस्किटाचे पुडे आणि पाण्याच्या बाटल्या वाटण्यात होतं. फोटो निघतात, साथ जिथल्या तिथे राहते. साथीत स्वयंसेवकाची खरी गरज असते ती कंटाळवाण्या कामांना. घरोघर विचारत फिरणं, वहीत तारखा लिहिणं, रोज सकाळी शेवटच्या नळाचं पाणी तपासणं, ओआरएस कसं कालवायचं ते पुन्हा पुन्हा करून दाखवणं. ही सगळी कामं सरकारी यंत्रणेच्या यादीत असतातच, पण तिच्याकडे माणसं मोजकी. उपकेंद्र साधारण ५,००० लोकसंख्येला, डोंगरी आणि आदिवासी भागात ३,००० ला. आशाताई हजारेक लोकांमागे एक. गावात साथ पसरली की तिला रोज दोनशे घरं फिरायची असतात, शिवाय बाळंतिणी आणि लसीकरण थांबत नाही ते वेगळंच.

गॅस्ट्रोबद्दल इथे सविस्तर लिहितो आहे, कारण स्वयंसेवकाच्या हातात सगळ्यात जास्त काही असतं ते याच साथीत. डेंगी आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या घाण पाण्यातून होणारा ताप) यांबद्दल शेवटाकडे थोडक्यात.

आधी भेटायचं कुणाला

मंडळाच्या ग्रुपवर ‘उद्या सकाळी सात वाजता देवळापाशी जमा’ असा मेसेज टाकण्याआधी उपकेंद्रातल्या सिस्टरना किंवा आशाताईंना भेटा. त्यांच्यामार्फत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना. एवढंच विचारा: तुम्हाला कोणत्या कामाला माणसं कमी पडताहेत? उत्तर तुमच्या कल्पनेपेक्षा वेगळं असण्याची शक्यता बरीच आहे. कधी त्यांना सर्व्हेला माणसं हवी असतात, कधी फक्त एक गाडी आणि ड्रायव्हर, पाण्याचे नमुने वेळेत प्रयोगशाळेत पोचवायला.

अजून कुणी दखलच घेतली नसेल, तर पहिलं काम कळवण्याचं. एकाच आळीत दोन-तीन दिवसांत तीन-चार घरांत जुलाब, किंवा धडधाकट मोठ्या माणसाला तांदळाच्या धुवणासारखे पाण्यासारखे जुलाब होऊन तो एकदम गळून गेला, तर वाट पाहू नका. दुसऱ्या प्रकारात कॉलऱ्याची शंका घ्यावी लागते. सिस्टर किंवा आरोग्य सेवकाला फोन करा, फोन लागला नाही तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा. आरोग्याविषयी सल्ल्यासाठी १०४ आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक आहेत. यंत्रणेकडे साथरोग सर्वेक्षणाची साखळी २००४ पासून आहे, पण ती हलते कुणीतरी खालून खबर दिल्यावरच. खासगी दवाखान्यात गेलेले पेशंट या साखळीत बऱ्याचदा येतच नाहीत, म्हणून गावातल्या डॉक्टरांकडे ‘आज जुलाबाचे किती आले?’ एवढं रोज विचारून यायला एक माणूस नेमला तरी मोठं काम होतं.

शहरात हीच वाट वॉर्ड ऑफिस आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जाते. मुंबईत १९१६ हा पालिकेचा क्रमांक आहे. शहराच्या कडेची, नुकतीच हद्दीत आलेली गावं मात्र अवघड जागी असतात. तिथे पाणी कुणाच्या ताब्यात आणि आरोग्य कुणाच्या, हेच लोकांना ठाऊक नसतं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडले. त्यांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हे जिवाणू आणि नोरोव्हायरस हा विषाणू आढळले आणि संशय पाण्याकडे गेला. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर पोचला. साधे जुलाब म्हणून घरी बसलेल्या माणसाचे हातपाय आठवड्या-दोन आठवड्यांनी लुळे पडू शकतात, हे त्या वेळी अनेकांना पहिल्यांदा कळलं.

भेट झाली की नावांची यादी द्या: कोण, कोणत्या आळीला, किती वेळ. वैद्यकीय अधिकारी किंवा ग्रामपंचायतीकडून सहीशिक्क्याचं साधं पत्र घ्या. ओळखपत्र छापत बसू नका, पण पत्राची झेरॉक्स प्रत्येकाच्या खिशात हवी. आणि एकच समन्वयक. सिस्टरना दहा स्वयंसेवकांचे दहा फोन आले तर तुम्ही मदत नव्हे, अडचण झालात.

कुणी यावं, कुणी मागे राहावं

स्वतःला जुलाब असेल त्यानं घरी बसावं, बरा झाल्यावरही दोन दिवस थांबावं, आणि स्वयंपाकाच्या कामाला तर हात लावूच नये. गरोदर बाया, प्रतिकारशक्ती कमी असलेले, मधुमेह आटोक्यात नसलेले यांना फोनवरची आणि लिखापढीची कामं द्या. ती कमी महत्त्वाची नाहीत. वही व्यवस्थित ठेवणारा माणूस मिळणं हेच मुळात कठीण असतं. अठरा वर्षांखालच्या मुलांना पेशंटच्या घरी पाठवायचं नाही.

हात साबणानं धुवायचे, प्रत्येक घरानंतर शक्य नसेल तर निदान खाण्यापिण्याआधी न चुकता. खिशातल्या सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नका, नोरोव्हायरससारख्या विषाणूवर अल्कोहोलचा फारसा परिणाम होत नाही. प्यायचं पाणी घरून उकळून न्यायचं, आणि साथीच्या आळीत ‘घोटभर चहा घ्या’ म्हटल्यावर हसून नाही म्हणायला शिकायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड.

पुण्यात १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी रुग्णांची सेवा केली. सावित्रीबाईंना त्यातच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ही गोष्ट आपण त्यागाची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण त्या काळी प्लेगवर प्रतिजैविक नव्हतं. आज आपल्याकडे साबण, हातमोजे, लस, औषध आहे, आणि तरीही ‘मला काही होत नाही’ म्हणत उघड्या हातांनी उलटी पुसणारा कार्यकर्ता शौर्य करत नसतो. तो दुसऱ्या दिवशी पुढच्या आळीत जंतू नेत असतो.

घरोघर फिरताना

जोडीनं जा, जमल्यास एक बाई आणि एक पुरुष. पहिल्या दिवशी आशाताई सोबत हव्यातच. दारात उभं राहून नाव सांगा, कशासाठी आलात ते सांगा, आत बोलावलं तरच आत जा. ‘तुमच्याकडे जुलाब आहेत का?’ असं सुरू केलं तर उत्तर बहुधा ‘नाही’ येतं. त्याऐवजी पाणी कुठून भरता, आज नळाला पाणी कसं आलं, घरात लहान किती, म्हातारं माणूस कोण, असं बोलत गेलं की जुलाबाची गोष्ट आपसूक निघते.

लोक का लपवतात याचं उत्तर इथल्या जुन्या अनुभवात आहे. १८९७ मध्ये रँडच्या प्लेग कमिटीनं गोऱ्या सोजिरांकरवी पुण्यात घरं तपासली, माणसं उचलून नेली, सामान जाळलं. परिणाम असा झाला की लोक आजारी माणूस लपवू लागले. करोनाच्या पहिल्या महिन्यांतही घराबाहेर फलक लागले, पत्रे ठोकले गेले, आणि ताप आलेला माणूस ‘गावाला गेलाय’ असं शेजारी सांगू लागले. दटावणारा स्वयंसेवक दारातून गेला की त्या आळीतली खरी माहिती आठवडाभर मिळत नाही.

वहीत प्रत्येक रुग्णाची एक ओळ: नाव, वय, स्त्री की पुरुष, आळी, जुलाब कधी सुरू झाले (तारीख आणि शक्यतो वेळ), उलटी-ताप आहे का, प्यायचं पाणी कुठलं, गेल्या तीन दिवसांत लग्न-बारसं-भंडाऱ्यात जेवण झालं का, उपचार कुठे घेतले. यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे सुरू झाल्याची तारीख. तपासायला गेलात ती तारीख तिथे लिहू नका; नव्या माणसाकडून हा घोळ हमखास होतो. सगळे एकाच संध्याकाळी आजारी पडले असतील तर जेवणाकडे बघायचं. रोज थोडे थोडे वाढत असतील आणि एकाच पाइपावरचे असतील तर पाण्याकडे.

संध्याकाळी एका मोठ्या कागदावर गावाचा कच्चा नकाशा काढा. घरं, विहीर, टाकी, पाइपलाइन, गटार. रुग्ण असलेल्या घरावर टिकली. तीन दिवसांत हा कागद जे सांगतो ते बैठकीतल्या चर्चेतून कळत नाही.

पाणी

इथे जरा थांबून लिहितो, कारण साथ तुटते ती इथे.

आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसतं. सकाळी तासभर सुटतं आणि मग पाइप रिकामे पडतात. पाणी बंद होताना पाइपात दाब उरत नाही आणि फुटक्या सांध्यातून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. पाइप गटारातून गेलेला असेल तर गटाराचंच. नळाला थेट मोटर लावणाऱ्यांमुळे ही ओढ आणखी वाढते. म्हणून टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) अगदी मापात टाकलेलं असतं आणि तरीही खालच्या आळीत पोरं आजारी पडतात.

तेव्हा पहिल्याच सकाळी गावात पाणी सोडणाऱ्या माणसाबरोबर चालत जा. टाकीपासून शेवटच्या नळापर्यंत. कुठला व्हॉल्व्ह गळतो, कुठल्या खड्ड्यात पाणी साचतं, कुठे गेल्या वर्षी ट्यूब गुंडाळून काम भागवलं, हे त्याला तोंडपाठ असतं. फक्त त्याला कुणी विचारत नाही. प्रत्येक गळतीचा फोटो आणि जागा लिहून त्याच दिवशी ग्रामसेवकाला (आता ग्रामपंचायत अधिकारी) लेखी द्या. तोंडी सांगितलेली गळती पुढच्या पावसाळ्यापर्यंत तशीच राहते. तातडीच्या खर्चाचा प्रश्न निघाला तर ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडे दरवर्षी येणारा अबंधित निधी असतो, त्याची आठवण करून द्या.

आता टीसीएलबद्दल. ती टाकण्याचं काम जलसुरक्षकाचं, देखरेख आरोग्य सेवकाची. तुम्ही हाताखाली राहा, पण हिशोब समजून घ्या. गोल विहिरीतलं पाणी काढायचं असं: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये), त्याला ३.१४ ने गुणून ४ ने भागा, मग १,००० ने गुणा, लिटर मिळतात. व्यास ४ मीटर आणि पाणी ५ मीटर असेल तर ६२,८०० लिटर. चांगल्या, ३३ टक्के क्लोरीन असलेल्या पावडरीचं माप १,००० लिटरला साधारण २.५ ग्रॅमपासून सुरू होतं, म्हणजे या विहिरीला सुमारे १५७ ग्रॅम. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याला दुप्पट किंवा त्याहून जास्त लागू शकतं. किती, ते ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन किती उरला ते दाखवणारी चाचणी) ठरवते, अंदाज नव्हे.

पावडर थेट विहिरीत फेकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात आधी लापशीसारखी कालवायची, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळायची आणि दहा मिनिटं ठेवायची. चुना तळाला बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती दोरानं विहिरीत सोडायची, पाण्याखाली वर-खाली हिसके द्यायचे म्हणजे ते सगळीकडे मिसळतं. तळाचा चुना विहिरीत टाकायचा नाही. निदान अर्धा तास, शक्यतो तासभर कुणी पाणी उपसायचं नाही. सगळ्यात बरं म्हणजे रात्री शेंदणं थांबल्यावर टाकावं आणि सकाळी तपासावं. हातमोजे, नाकाला मास्क, डोळ्यांना चष्मा, आणि वाऱ्याकडे पाठ. टीसीएल संडास धुण्याच्या ॲसिडजवळ नेऊ नका. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू निघतो.

पोतं उघडं राहिलं, ओल लागली की पावडरीची ताकद जाते. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात गेल्या वर्षीपासून पडलेलं, वासही न येणारं पोतं दिसलं तर ते वापरून समाधान मानू नका. नवं मागवा.

ओटी टेस्टसाठी क्लोरोस्कोप नावाची छोटी पेटी असते. नळीत पाणी घ्यायचं, द्रावणाचे थेंब टाकायचे, आणि लगेच, दहा सेकंदांच्या आत, आलेला पिवळा रंग बाजूच्या पट्टीशी ताडायचा. उशीर केला तर आकडा चुकीचा येतो. साथ नसताना नळाला किमान ०.२ पीपीएम (दहा लाख भागांत ०.२ भाग) क्लोरीन हवा, साथीत ०.५ धरतात. ते द्रावण अंगावर, तोंडात जाऊ देऊ नका, तपासलेलं पाणी पाणवठ्यापासून लांब मातीत ओता.

टेस्ट कुठे करता यात खरी मेख आहे. टाकीखालच्या नळाला पिवळाधमक रंग आला आणि सगळे खूश होऊन गेले, असं होऊ देऊ नका. टाकी, मधली आळी आणि शेवटचा नळ, तिन्हीकडे रोज, पाणी सुटल्या वेळी. टाकीत ०.५ आणि शेवटाला शून्य असेल तर मधे कुठेतरी घाण पाणी शिरतं आहे आणि क्लोरीन ते मारण्यात संपतो आहे. कुठून ते तुमच्या नकाशावरच्या टिकल्या सांगतील. हा शेवटचा नळ बऱ्याच गावांत गावकुसाबाहेरच्या वस्तीत असतो. पाणी शेवटी, कमी दाबानं आणि घाण येतं तेही तिथेच, आणि साथ आली की ‘त्या वस्तीतून आली’ असं बोलणंही तिच्याच वाट्याला येतं. आकडे लिहिलेली वही अशा वेळी उपयोगी पडते.

जंतूंच्या तपासणीसाठीचा नमुना मात्र तुम्ही बिसलरीच्या बाटलीत भरून पाठवू नका. त्याला निर्जंतुक बाटली लागते, त्यात क्लोरीन मारणारं औषध आधीच घातलेलं असतं, आणि ती थंड पेटीतून चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत जावी लागते. आरोग्य सेवक नमुना घेतील, तुम्ही गाडी काढा.

घरातलं पाणी हा पुढचा भाग. उकळी फुटू द्या, ती काही मिनिटं चालू ठेवा, त्याच भांड्यात झाकून गार करा. गॅस परवडत नाही तिथे मेडिक्लोर किंवा क्लोरीनची गोळी, बाटलीवर लिहिलेल्या मापानं, आणि अर्धा तास थांबून. पाण्याला वास येतो, चहा बिघडतो ही तक्रार येणारच. वाद न घालता सांगा की चहाला तसंही पाणी उकळतं, आणि प्यायचं पाणी थोडा वेळ ठेवलं की वास कमी होतो. माठात तांब्या बुडवण्याऐवजी लांब दांड्याचं ओगराळं ठेवायला लावा. बचत गटाच्या बायांनी हे एकदा मनावर घेतलं की पुरुषांच्या दहा भाषणांचं काम होतं.

ओआरएस

१९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं. घोट घोट पाजत राहा, एवढंच सांगितलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते चारच्याही खाली आलं. पाजणारे डॉक्टर नव्हते, परिचारिका नव्हत्या. घरातलीच माणसं होती.

आपल्याकडे अजून ‘सलाईन लावल्याशिवाय ताकद येत नाही’ हे पक्कं बसलेलं आहे. त्याच्याशी भांडण्यापेक्षा दारातच ओआरएस कालवून पाजा. एक लिटरचं अख्खं पाकीट एक लिटर पाण्यातच जायला हवं. घरात मापाचं भांडं नसतं, म्हणून लिटरची रिकामी बाटली सोबत न्या आणि त्यांच्याच कळशी-पातेल्यात कुठपर्यंत लिटर भरतं तिथे खूण करून द्या. अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात, वरून साखर, किंवा पाकीट सरबतात, असले प्रकार करू देऊ नका; फार घट्ट द्रावणानं जुलाब वाढतात. कालवलेलं २४ तासांत संपवायचं, उरलेलं ओतून द्यायचं. दुकानात मिळणारी खोक्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

पाकीट नसेल तर एक लिटर पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. चव अश्रूपेक्षा खारट नको.

प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला पाव ते अर्धा कप, दहा वर्षांपर्यंत अर्धा ते एक कप, मोठ्यांना मागतील तेवढं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्यानं पुन्हा सुरू. अंगावरचं दूध बंद करायचं नाही, जेवणही नाही. मऊ भात, पेज, वरणाचं पाणी, केळं चालतं. ‘पोटाला विश्रांती’ देण्याच्या नावाखाली उपाशी ठेवलेली मुलं लवकर खालावतात. लहानांना जुलाब एकदम बंद करणाऱ्या गोळ्या द्यायच्या नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलांना झिंकच्या गोळ्या १४ दिवस. त्या आशाताईंकडे मिळतात, माप त्याच सांगतील. जुलाब थांबले की आई गोळी थांबवते, म्हणून आठवड्यानं परत जाऊन विचारा. हे स्वयंसेवकाचंच काम.

डोळे खोल गेलेले, लघवी कित्येक तासांत नाही, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर हळूहळू बसते, बाळ सुस्त आहे किंवा पिणं सोडलं आहे, शौचातून रक्त, उलट्या थांबतच नाहीत: यातलं काहीही दिसलं की १०८ लावा, आणि गाडी येईपर्यंत पिऊ शकत असेल तर पाजत राहा. रात्रीसाठी दोन खासगी गाड्या आणि त्यांचे ड्रायव्हर आधीच ठरवून ठेवा, नंबर प्रत्येक आळीत लिहून लावा. जुलाबानंतर काही दिवसांनी हातापायांत मुंग्या, चालताना पाय लटपटणं असं कुणी म्हटलं, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून सोडून देऊ नका. त्यालाही त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

फोन आणि फुशारकी

रुग्णांची यादी गावच्या ग्रुपवर टाकायची नाही. फोटो नाही, नाव नाही, ‘अमक्या आळीत सापडले’ हेही नाही. समन्वयकानं दिवसातून एकदा, ठरल्या वेळी, वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून दोन-चार ओळी टाकाव्यात: आज पाणी उकळून प्या, ओआरएस कुठे मिळतं, टँकर किती वाजता. विहिरीत कुणी काही टाकलं अशी अफवा प्रत्येक साथीत उठते. तिला उत्तर म्हणून लांबलचक खुलासा करू नका, त्या दिवसाचा ओटी टेस्टचा आकडा टाका.

औषधं गोळा करून वाटणं पूर्ण बंद. घरोघरच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी भलं कमी, वाईट जास्त होतं.

डेंगी आणि लेप्टोत काय बदलतं

डेंगीचा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातला एक कोरडा दिवस. पण नुसती टाकी उपसून चालत नाही, अंडी भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यात महिनोन्‌महिने टिकतात, घासावंच लागतं. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, गच्चीवरचे टायर, बांधकामावरचं पिंप, कूलर. घरमालकालाच टॉर्चच्या उजेडात वळवळणाऱ्या अळ्या दाखवा. धूर फवारणीची मागणी सगळे करतात, कारण ती दिसते. ती उडते डास मारते, अळ्या तशाच राहतात. उपसता न येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडा, किंवा आरोग्य विभागाकडून ॲबेट हे अळ्या मारणारं औषध घ्या.

तापाला पॅरासिटामोल चालेल, ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन नाही. ताप उतरताना पोटात कळा, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं ही धोक्याची खूण. ‘ताप गेला, बरा झाला’ म्हणून नेमकं तेव्हाच दुर्लक्ष होतं. रक्तदानाची मोठी शिबिरं एकाच दिवशी भरवू नका. प्लेटलेट पाच दिवसच टिकतात. रक्तपेढीला विचारून दात्यांची यादी ठेवा आणि थोडे थोडे पाठवा.

पूर ओसरल्यावर चिखल काढायला उतरणाऱ्यांनी गमबूट आणि रबरी हातमोजे घालावेत, जखम झाकावी. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोनं अनेकांना गाठलं होतं. लेप्टो टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक घ्यायचं की नाही, किती, हे डॉक्टर ठरवतील. गरोदर बायांना आणि लहान मुलांना ते चालत नाही, म्हणून पाकिटं सरसकट वाटू नका.

आवरतं घेताना

दोन दिवस नवा रुग्ण नाही म्हणून फिरणं थांबवू नका. आजार अंगात मुरायला जेवढे दिवस घेतो त्याच्या दुप्पट काळ नवा रुग्ण नसेल तर साथ संपली असं धरतात. कॉलऱ्याला मुरायला फार तर पाच दिवस, म्हणजे दहा दिवस वाट पाहायची. साथ संपल्याचं वैद्यकीय अधिकारी सांगतील, मंडळानं जाहीर करायचं नाही.

रुग्णांची वही प्राथमिक आरोग्य केंद्रात जमा करा, फोनमधले तिचे फोटो पुसून टाका. गळतीची यादी आणि शेवटच्या नळाचे रोजचे आकडे मात्र स्वतःकडे ठेवा आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर ते लेखी अर्जानं घाला. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.